खंडेनवमीच्या टाळ्या

ढोलकीला हळदकुंकू लागलं, झांजांना लागलं, कोयत्याला, पहारीला, नांगराच्या फाळाला लागलं, धाकट्या विनीतने मुंबईहून आणलेल्या ड्रिल मशीनलाही लागलं, आणि मग गंगाराम शाहिरांचं बोट पॅडापाशी येऊन थबकलं.

“ह्याला नाय,” ते म्हणाले आणि बोट धोतराला पुसून मोकळे झाले. “ह्याचं आता आपल्याकडं काय काम रवलं नाय. कोजागिरीच्या सामन्याला खालच्या वाडीतला बाळा त्याचं पॅड घेऊन येताय.”

पाष्ट्यांच्या पडवीत सगळ्यांनी पॅडाकडे पाहिलं. खंडेनवमीला घरातलं एखादं हत्यार पूजेतून वगळायचं म्हणजे पंगतीतून माणूस उठवण्यासारखं. त्यातून आठ काळ्या चौकोनांचं ते इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवत होती शाहिरांची नात, थोरल्या सुनेची, सगुणाची, ज्ञानेश्वरी. पाष्टे म्हणजे चार पिढ्यांचे जाखडीवाले, नाचगाण्याच्या सामन्यात सवाल-जवाब करणारे, शक्तीच्या बाजूचे, आणि त्या चार पिढ्यांत पहिल्यांदाच एक मुलगी वाद्याला बसली होती. तेव्हा पंगतीतून कोणाला उठवलं, हे न कळण्याइतकं त्या पडवीत कोणी तान्हं नव्हतं.

ज्ञानेश्वरीने हातातला झेंडूचा हार ताटात परत ठेवला आणि ती आत निघून गेली. एरवी आजोबांशी शब्दाला शब्द लावणारी पोरगी आज पाठ फिरवून गेली, आणि ते सगुणाच्या फार जिव्हारी लागलं.

झालं होतं ते एवढंच. गौरी-गणपतीत समोरच्या पक्षाशी, तुरेवाल्यांशी, सामना रंगला होता. मांडवात चारशे माणूस, वर डोक्यावर पिवळे हॅलोजन. गंगाराम शाहिरांनी आपल्या गुरूचं, म्हणजे कैलासवासी सदूबुवांचं नाव घेऊन डोळे मिटले, आवाज कातर केला, आणि नेमक्या त्या क्षणाला पॅडातून टाळ्या सुरू झाल्या. फट् फट् फटाफट. बुवा गेल्याचा जणू कोणाला तरी आनंद झाला होता. मांडव हसून लोळला. तुरेवाला शाहीर तर एवढा खूश झाला, की शक्तीवाल्यांना आता माणसं दाद देत नाहीत म्हणून यंत्र ठेवलंय, असं त्याने तिथल्या तिथे बांधून गायलं.

ज्ञानेश्वरी म्हणत होती, मी हात लावला नव्हता. असं तिसऱ्यांदा होत होतं. जुलैपासून प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात, तासाभराने. आणि प्रत्येक वेळी शाहीर स्वतः पॅड घेऊन रत्नागिरीच्या सर्व्हिस सेंटरला गेले होते, खुर्चीवर बसून चहा प्यायले होते, आणि कागद घेऊन आले होते. कागदावर छापील अक्षरात ‘तपासणीत दोष आढळला नाही. ग्राहक समाधानी’, आणि खाली लफ्फेदार सही: शाहीर गंगाराम. सही करायला मिळतेय म्हटल्यावर शाहीर वर काय लिहिलंय ते स्वतः कधी वाचत नसत; सेंटरातल्या पोराने सांगितलं तेवढं ऐकत.

“मामंजी, असं नका करू,” सगुणा म्हणाली.

“मी काय केलं? कागद काय बोलतो? पॅडात दोष नाय. तीनदा बोलतो. मंग दोष कुठं हाय ता माझ्या तोंडातून कशाला काढतस?”

“आप्पांचं काय चुकलं नाय,” सगुणाचा नवरा दादू खांबाला टेकून म्हणाला. “ढोलकी कधी वागली काय अशी? चामडं हाय, हात पडला तरच बोलताय.”

सगुणाने नवऱ्याकडे नीट पाहिलं. पॅड आल्यापासून दादूची ढोलकी खुंटीला लागली होती आणि त्याच्या हातात झांजा आल्या होत्या. गेला महिनाभर हा माणूस दोन भाकऱ्या जास्त खात होता, त्याचं कारण तिला आज कळलं.

“तुला तर बरंच वाटत असेल ना, दादा,” विनीत म्हणाला. पॅड त्याने घेतलं होतं, तेव्हा तोही दुखावलेला. सणाला तो एकटाच आला होता, आणि आल्यापासून पॅडाची बाजू घ्यावी की वडिलांची, यात त्याची ओढाताण चालली होती. “जाऊ दे. मी दुसरं आणतो. विषय संपला.”

“भावोजी, दुसरं आणलंत म्हणजे ह्या पॅडात दोष नव्हता, पोरीच्या हातात होता, हे कायमचं झालं. मंग दुसऱ्या पॅडावर तिला कोण बसवणार?”

सगुणाने देवाच्या फोटोमागची प्लॅस्टिकची पिशवी काढली. रेशनकार्डापासून लाईटबिलापर्यंत घरातला प्रत्येक कागद त्या पिशवीत असे, आणि ती पिशवी फक्त तिच्या हाताला लागे. तिने बिल आणि तिन्ही कागद बाहेर घेतले.

“आज जायाचं,” ती म्हणाली. “सगळ्यांनी.”

“आजच जायला पायजे,” शाहीर म्हणाले. “गेल्या दसऱ्याला घेतलं. उद्या दसरा. उद्या वरीस भरलं, वॉरंटी खलास. पण जाऊन करायचं काय? तो पोरगा दहा मिनटं वाजवताय, काय होत नाय, कागद देताय.”

“तो वाजवताय म्हणून होत नाय. तुमी गायल्याशिवाय ते पॅड टाळ्या वाजवत नाय, मामंजी. आपण तिथं गायाचं.”

शाहिरांनी डोळे बारीक केले. महिनाभर त्यांना कोणी गायला बोलावलं नव्हतं.

“गणापासून?” त्यांनी विचारलं.

“गणापासून.”

“मंग फेटा काढ,” शाहीर म्हणाले.

दादूने आपण येणार नाही असं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायच्या आत सगुणाने त्याच्या खांद्याला ढोलकी अडकवली. “मशीन बंद पडली तर ताल कोण धरणार?” एवढंच ती म्हणाली, आणि दादू टेम्पोत सगळ्यांच्या आधी जाऊन बसला.

सर्व्हिस सेंटरात पाऊल टाकल्याबरोबर सगुणाने पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला. बाहेर नवरात्रातलं ऊन भाजून काढत होतं आणि आत नुसता गारठा. काउंटरमागे चिराग नावाचा मॅनेजर होता, तिशीच्या आतला, गुळगुळीत दाढी केलेला. त्याच्या संगणकावर सकाळचं ताजं हळदकुंकू होतं आणि कीबोर्डावर झेंडूचं फूल.

“या या, शाहीर! पुन्हा आलात? बसा. चहा सांगू?”

“नको,” सगुणा म्हणाली. शाहीर ‘हो’ म्हणायला तोंड उघडत होते, ते तसंच मिटलं.

चिरागने पॅड जोडलं, दहा मिनिटं सगळ्या चौकोनांवर काठ्या मारल्या, स्क्रीनवर काहीतरी पाहिलं आणि तोच छापील कागद ओढला.

“ओके आहे, काकी. शंभर टक्के. मी मागेही सांगितलं, हा वापरातला दोष आहे. नवीन हात असला की काठी चुकून टाळीच्या पॅडवर पडते. त्यांना जरा क्लास लावा.”

“माझी काठी पडली नव्हती,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“तुम्हाला कळलं नसेल.”

“मला वाजवताना कळत नाही, माझा हात कुठे आहे ते?”

“व्हिडिओ आहे आमच्याकडे,” विनीत घाईने पुढे सरला. त्याने मोबाईल काउंटरवर ठेवला. सगळे वाकले. व्हिडिओत शाहीर दिसत होते. शाहिरांचा फेटा दिसत होता. फेट्याचा तुरा अगदी सुरेख आला होता. टाळ्या वाजल्या तेव्हा ज्ञानेश्वरी कुठेतरी त्या फेट्याच्या मागे होती.

“तुमीच घेतलाव ना हा व्हिडिओ, भावोजी?” सगुणाने विचारलं.

“आप्पा म्हणाले, माझ्यावर धर,” विनीत पुटपुटला.

“यात हात कुठेच दिसत नाहीत,” चिराग म्हणाला. “हे बघा, मी रोज दहा लोक बघतो. घरात कोणी कबूल करत नाही. पोरांची चूक झाकायला सगळे मशीनवर ढकलतात.”

हे तो सहज बोलला, आणि इथेच त्याचं चुकलं. कारण खांबाला टेकायची सवय असलेला दादू, तिथे खांब नसल्यामुळे, तोवर सरळ उभा होता.

“काय बोललास?” दादू पुढे आला. “माझी पोरगी खोटं बोलताय?”

“तसं नाही, काका...”

“तसंच. मी पन्नास वर्षांचा ढोलकीवाला हाय. मला हे डबडं आवडत नाय, आजही नाय. पण ता बाजूला. तिचा हात मी घडवलाय. ढोलकीवर घडवलाय. टाळीच्या घरात चुकून काठी जायला तो काय तुझा हात हाय?”

सगुणा नवऱ्याकडे बघतच राहिली. सकाळपासून दुसऱ्या पक्षात असलेला गडी आपण होऊन इकडे आला होता. ज्ञानेश्वरीने मान खाली घातली, पण तिचे कान लाल झालेले आईला दिसले.

चिरागने आवाज नरम केला आणि पॅड उलटं केलं. “मग आता स्पष्टच सांगतो. खालच्या फटीत बघा. हे लाल काय आहे? कुंकू. आणि हा डाग पाण्याचा.”

“नारळाचं,” शाहीर अभिमानाने म्हणाले. “गेल्या दसऱ्याला ह्याच्यासमोरच फोडला. पयलं पाणी वाद्याला दाखवायचं आसतं.”

विनीतने कपाळाला हात लावला. चिरागच्या चेहऱ्यावर प्रथमच खरा आनंद दिसला. “झालं तर मग. द्रव पदार्थ आत गेला. वॉरंटी लागूच होत नाही.”

“आणि तशीही उद्या संपताय,” शाहिरांनी आपणहून भर घातली. पाष्ट्यांच्या घरात शत्रूला मदत करायला बाहेरचं माणूस कधी लागलं नाही.

चिरागने बिल पाहिलं, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. “उद्या नाही, आजोबा. बिलावर तारीख आहे. वॉरंटी तारखेने चालते, तिथीने नाही. अजून अकरा दिवस आहेत.” सांगून झाल्यावर आपण काय सांगितलं ते त्याच्या लक्षात आलं.

“म्हणजे एवढी धावपळ कशासाठी?” विनीत म्हणाला.

सगुणा मात्र तिन्ही कागद काउंटरवर एकापुढे एक मांडत होती. बचत गटाच्या शिबिरात ग्राहकांच्या हक्कांवर एक बाई बोलून गेल्या होत्या. बाकी बायका फराळाच्या रांगेत असताना सगुणाने त्यांना गाठून चार प्रश्न विचारले होते.

“साहेब, नारळ फुटला गेल्या दसऱ्याला. बरोबर? आणि हे कागद जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे. शिक्का तुमचा. ‘दोष आढळला नाही.’ म्हणजे नारळ फुटून अकरा महिने झाले तरी पॅड चांगलं होतं, हे तुमीच लिवलंय. मंग नारळाने काय बिघडलं?”

चिरागने तिन्ही कागदांवरचे शिक्के एकेक करून पाहिले.

“दोन्ही कसं चालंल? दोष नाय तर नारळाचं नाव कशाला? आणि नारळाने दोष आला तर हे तीन कागद खोटे. कुठचा खरा, ता एकदा ठरवा. आणि कुंकवाने वॉरंटी जाते म्हणताव, तर तुमच्या कॉम्प्युटरची आज सकाळीच गेली.”

चिरागने नकळत झेंडूचं फूल कीबोर्डावरून उचललं. ते कुठे ठेवावं न कळून त्याने शेवटी खिशात टाकलं.

“काकी, पण दोष मला दिसला पाहिजे ना! इथे दिसतच नाही तर मी काय लिहू?”

हे तो खरं बोलत होता, आणि सगुणालाही ते पटलं. तिने पुन्हा पदर ओढून घेतला. आल्यापासून तिसऱ्यांदा. मग तिने मान वर करून थंड हवा फेकणाऱ्या त्या पांढऱ्या पेटीकडे पाहिलं. घरचा तिचा मिक्सर चटणी वाटता वाटता तापला की बंद पडे, निवला की मुकाट चाले. मांडवात डोक्यावर हॅलोजन होते. घरी तालीम व्हायची ती संध्याकाळी, ओट्यावर, वाऱ्याला.

“इथं नायच दिसणार,” ती म्हणाली. “इथं माणूस तापत नाय, तर मशीन काय तापताय! बाहेर पायरीवर वाजवूया. उन्हात.”

“सेंटरच्या बाहेर टेस्टिंग करत नाही आम्ही. नियम आहे.”

“मंग तसं लिवून द्या. ‘जिथं बिघाड होतो तिथं दाखवायला गिऱ्हाईक तयार होतं, आमी बघायला नकार दिला.’ खाली शिक्का. तो कागद घेऊन मी ग्राहक आयोगात जाते. हितनं काय लांब नाय.”

चिरागने जरा विचार केला, आणि आतून लांब वायर आणली.

पायरीवर पत्र्याचं छप्पर होतं आणि पत्रा नुसता रटरटत होता. पॅड ठेवलं, ज्ञानेश्वरी बसली, दादू ढोलकी घेऊन तिच्या शेजारी, विनीतच्या हातात झांजा. शाहिरांनी फेटा सारखा केला.

“पाच मिनिटं पुरे,” चिराग म्हणाला.

“गणालाच वीस मिनटं लागतात,” शाहीर म्हणाले. “गण झाल्याबिगर गवळण नाय, गवळणीबिगर पुढं नाय. तू बस.”

गण सुरू झाला. समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले उतरून आले. आपट्याची पानं आणि झेंडू घेऊन चाललेल्या बायका थांबल्या. पिशव्या खाली ठेवून त्यांनी सावली धरली. महिनाभर कोंडलेला शाहिरांचा आवाज असा मोकळा सुटला, की रस्त्यापलीकडचा चष्म्यांचा दुकानदारही दारात आला. गण झाला. गवळण झाली. पॅड शहाण्या सुनेसारखं वागत होतं.

चाळीस मिनिटं झाली. चिराग घड्याळाकडे पाहून मंद हसत होता. विनीतच्या शर्टाचा चिखल झाला होता. ज्ञानेश्वरीच्या हनुवटीवरून घामाचा थेंब चौकोनावर पडला, तो तिने बाहीने टिपला आणि आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आता पुरे, घरी जाऊया, असं तिच्या डोळ्यांत होतं. आपण पोरीला चव्हाट्यावर आणून पुन्हा एकदा खोटी पाडली, या विचाराने सगुणाला तिथेच रडू येईलसं वाटलं. तिने पत्र्याला हात लावून पाहिला. चटका बसला, तेव्हा कुठे तिला जरा धीर आला.

“बास करूया काय?” दादूने वाजवता वाजवता विचारलं.

“सदूबुवांचं रवलंय,” शाहीर म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. आवाज कातर केला. गुरूचं नाव घेतलं.

फट्.

दादूचा हात ढोलकीवर थांबला.

फट् फट् फटाफट.

ज्ञानेश्वरीने दोन्ही काठ्या डोक्याच्या वर उचलल्या. पॅडावर कोणाचा हात नव्हता, काठी नव्हती, सावलीसुद्धा नव्हती, आणि ते बेभान टाळ्या पिटत होतं. जमलेल्या माणसांना वाटलं, हा खेळाचाच भाग. रिक्षावाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

“हात खाली घेऊ नको, ज्ञाना!” सगुणा ओरडली. “साहेब, बघताव ना? मोजा. किती हात वर हायत?”

“दोन,” चिराग म्हणाला.

“आणि तिला हात किती?”

“दोन,” चिराग म्हणाला. त्याने वाकून सगळे चौकोन पाहिले, वायर पाहिली, पत्र्याकडे पाहिलं. मग सरळ होऊन ज्ञानेश्वरीला म्हणाला, “सॉरी, ताई.” तेवढं मात्र त्याने छापील नसलेलं सांगितलं.

कागद पायरीवरच लिहिला गेला. सगुणा सांगत होती, चिराग लिहीत होता: उन्हात चाळीस मिनिटांनंतर पॅड आपोआप वाजते. दोष आढळला. वाजवणाऱ्याची चूक नाही. हे शेवटचं वाक्य नियमात बसत नाही म्हणून चिरागने जरा ताणून पाहिलं, पण सगुणा पेनकडे बघत उभी राहिली. शेवटी तेही आलं. पॅड वॉरंटीत दुरुस्त, नाही झालं तर बदलून, आणि तोवर कोजागिरीसाठी सेंटरचं दुसरं पॅड, हेही आलं. दादूने तेवढ्यात, कोजागिरीला ढोलकीही शेजारी असेल, असं कोणी न विचारता जाहीर केलं. विनीतने त्याच्या पाठीवर थाप मारली.

“शाहीर, इथे सही,” चिरागने सवयीने कागद गंगारामांपुढे धरला.

शाहिरांनी पेन घेतलं. त्यांची सही करण्याची एक पद्धत होती. आधी हवेत दोनदा हात फिरायचा. पण हात फिरला नाही. त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. सगुणाने सासऱ्यांना सहीआधी वाचताना लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

“ते आधीचे तीन कागद,” त्यांनी हळूच विचारलं, “त्यावर माझीच सही हाय ना गो?”

“हाय, मामंजी.”

शाहीर नातीकडे वळले. तिच्या काठ्या अजून वरच होत्या.

“ठेव आता खाली. मी बघितलं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज पुन्हा कातर झाला, आणि या वेळी तो त्यांनी केलेला नव्हता. “वाजवणाऱ्यानं सही करायची. माझं काय त्यात?”

ज्ञानेश्वरीने ओढणीला हात पुसले, पेन घेतलं आणि ‘ग्राहकाची सही’ या शब्दांवर आपलं पूर्ण नाव लिहिलं. आईचं, बापाचं, पाष्ट्यांचं, सगळं. लिहायला चांगला वेळ लागला. वायर काढायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही, आणि तिचं नाव लिहून पूर्ण होईपर्यंत पॅड टाळ्या वाजवत राहिलं.